शनिवार, दहा ते एक

४ जानेवारी, रविवार
नवीन वर्षाचा संकल्प. तीन दिवस उशिरा, पण विचारपूर्वक. समाजकार्य करायचं.
विषय ठरला: घरातल्या आजारी माणसाचं बिनपगारी करणारे लोक, म्हणजे केअरगिव्हर. बिचाऱ्यांना स्वतःचे हक्कच माहीत नसतात! सिंगापुरातल्या समस्त मराठी केअरगिव्हरांना मी जागं करणार. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायू झाला, तेव्हा विषयाचा घरचाच अनुभव आहे. हे लिहीत असताना माझी बायको अनुया नानांचे टॉवेल, बादली, औषधं घेऊन चारदा समोरून गेली. लिंक तुटते.

७ जानेवारी, बुधवार
स्लाइड चार अप्रतिम झाली. नोकरी करणारा केअरगिव्हर कामाच्या वेळा बदलून मिळाव्यात म्हणून कंपनीकडे रीतसर लेखी अर्ज करू शकतो. कंपनीने त्यावर नीट विचार करून दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं. अनुयाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने पोळ्या लाटता लाटता ऐकलं.
रात्रीच्या जेवणाआधी लॅपटॉपवर एक कागद. अर्जदार: सौ. अनुया. काम: नाना. मागणी: दर शनिवारी दहा ते एक सुट्टी. कारण: बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, एकटीने बसून कॉफी पिणे. खाली टीप, की दीड वर्षात एकटी कुठे गेलेली नाही.
जागृती सुरू झाली! अर्जाचा फोटो लगेच स्लाइड पाचवर टाकला. अर्जावर शेरा मारला: विचाराधीन.

२४ जानेवारी
आमच्या सेंगकांगच्या कॉन्डोची फंक्शन रूम मिळाली. शनिवार, ७ मार्च, दहा ते एक. अनुयाने वेळ दोनदा विचारून घेतली. तिला उत्सुकता आहे.

८ फेब्रुवारी
कमिटीची मीटिंग. कमिटी म्हणजे मी आणि अभय. अभयची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. सगळं त्याची बायको ऋता करते, त्यामुळे अभयही अनुभवी.
कार्यक्रम: दीपप्रज्वलन, माझं भाषण (दीड तास), 'आदर्श केअरगिव्हर' सत्कार, शाल आणि श्रीफळ. सत्कारासाठी अभयने माझं नाव सुचवलं. मी संकोचलो आणि त्याचं सुचवलं. शेवटी दोन शाली घ्यायचं ठरलं.

२२ फेब्रुवारी
व्हॉट्सअ‍ॅपवर अडतीस अंगठे! पण येता का म्हटलं की प्रत्येकजण तोच प्रश्न विचारतो, घरी पेशंटजवळ कोण बसणार. लोकांना कारणंच हवी असतात. 'वेळेचं नियोजन' अशी स्लाइड वाढवली.

१ मार्च
आमच्या मुलीने, जाईने, वय वर्षं तेरा, जेवताना सांगितलं की मम्मीच्या अर्जाची मुदत सातला संपते, असं गप्प बसणं 'कॅनॉट ला', म्हणजे इथल्या इंग्रजीत चालणार नाही. तिला समजावलं की घर म्हणजे कंपनी नव्हे. नाना उगाच हसले.

७ मार्च, सकाळी ९.४०
अनुया गेली! पर्स आणि छत्रीसकट. फ्रिजवर चिठ्ठी: दोन महिने झाले, उत्तर नाही, मंजूर धरते. असं नियमात कुठेही नाही! फोन बंद. जाई बॅडमिंटनला. नानांना व्हीलचेअरवर घालून कार्यक्रमाला नेतोय. नाहीतरी पहिल्या रांगेत ज्येष्ठ मंडळी शोभून दिसतात.

दुपारी ३
उपस्थिती: एक. नाना.
अभयचा फोन आला, की ऋताही सकाळीच बेडोकला गेली, आईला सोडून त्याला निघता येत नाही.
स्लाइड दोनला नानांना बाथरूम. परत स्लाइड दोन. स्लाइड तीनला नानांनी दहाची गोळी मागितली. मला कोणती ते माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं, निळ्या डबीतली, खाल्ल्यावर. खायला काही नेलं नव्हतं. मग घरी वर, पेज, गोळी, परत खाली. एसीने ते कुडकुडायला लागले, तेव्हा माझ्या सत्काराची शाल त्यांना पांघरली. थोड्या वेळाने अभयचीही. ते खुर्चीत घसरले. मला काही केल्या सरळ करता येईनात. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.
एक वाजता अनुया आली. नानांच्या काखेत हात घालून एका झटक्यात त्यांना नीट बसवलं. मी तिला उदार मनाने सांगितलं की तुझा अर्ज मंजूर. ती म्हणाली, तो सकाळीच झाला. सत्काराचा नारळ घेऊन वर गेली. आज सोलकढी आहे.

१५ मार्च, रविवार
काल दुसरा शनिवार. कंबर धरली आहे. तीन तास किती मोठे असतात ते स्लाइडवर कळत नाही.
आज अनुयाला रीतसर लेखी अर्ज दिला. अर्जदार: शैलेंद्र. मागणी: महिन्यातून एका शनिवारी सुट्टी. कारण: समाजकार्य.
तिने चष्मा लावून पूर्ण वाचला, तारीख घातली, फ्रिजवर लावला.
विचाराधीन. उत्तर १५ मेपर्यंत.