डॉट टेल लिहिलेले एकोणीस बोर्ड

उस्ताद,

सगळी गल्ली तुम्हाला पेंटर चाचा म्हणायची, उस्ताद म्हणणारी मी एकटीच. तसं म्हणायला तुम्ही कधी सांगितलं नव्हतं. दहावीच्या सुटीत तुमच्या अंगणात पहिल्यांदा ब्रश हातात घेतला तेव्हा काय हाक मारावी ते सुचेना, आणि जालन्याहून रंगाचे डबे घेऊन येणारा माणूस तुम्हाला उस्ताद म्हणाला, म्हणून मीही म्हणाले. तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं होतील. या आठ वर्षांत तुमच्याबद्दल मी पुष्कळ जणांशी बोलले, चांगलंच बोलले, आणि प्रत्येक वेळी एक गोष्ट गाळून बोलले. ती आज लिहायला बसले आहे.

माझ्या आईला ते शिकणं पसंत नव्हतं. मुलीच्या जातीनं शिडीवर चढून दुकानांचे बोर्ड रंगवायचे, हे तिला कसंसंच वाटायचं. तुम्ही घरी येऊन तिला समजावलंत की शिडी चढायचं काम माझं, पोरगी अंगणात चाचीच्या डोळ्यांसमोर बसून लिहील. चाची तिथंच सुपात गहू घेऊन बसायची, अधूनमधून माझ्याकडे बघून उर्दूत तुम्हाला काहीतरी म्हणायची आणि तुम्ही हसायचात. लाल रंगाचा पहिला हात दिलेले पत्रे भिंतीला टेकवून वाळत असायचे. दुकानाचं नाव तुम्ही लिहायचात. आकडे तुम्ही माझ्याकडे दिलेत, कारण माझा आठ तुम्हाला आवडला होता, दोन्ही पोटं सारखी यायची म्हणून. दोन सुट्या मी फक्त फोन नंबर लिहिले.

एकदा एका बियाणांच्या दुकानाच्या बोर्डावर मी दोन आकड्यांची अदलाबदल केली. बोर्ड अंगणातून बाहेर काढण्याआधी त्यावर लिहिलेला नंबर स्वतः लावून बघायची तुमची पद्धत होती, तशी तुम्ही कोपऱ्यावरच्या बूथवर जाऊन तो लावलात. भलत्याच घरी लागला. परत आलात, ओरडला नाहीत. टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवलंत आणि माझी सकाळभराची मेहनत एका हातानं पुसून टाकलीत. मला रडू येत होतं. तुम्ही म्हणालात, "नावात चूक झाली तर लोक हसतील, पर दुकान सापडंल. नंबरात झाली तर त्या माणसाला कोणीच सापडणार न्हाई. अन् खाली सही माझी आहे." मग ब्रश धुऊन माझ्या हातात दिलात आणि चाचीला चहा टाकायला सांगितलंत.

पुढं मी कॉम्प्युटर शिकले, जालन्याला वेबसाइट बनवणाऱ्या एका लहानशा ऑफिसात लागले. तोवर सगळ्यांकडे मोबाइल आले होते आणि लोक सिमकार्डं बदलत होते. महिन्याला दोन-तीन दुकानदार तुमच्याकडे येऊन म्हणायचे, चाचा, नंबर बदलला, तेवढा खोडून नवा टाका. ते काम तुम्हाला अजिबात आवडायचं नाही. उन्हानं फिकट झालेल्या बोर्डावर नव्या रंगाचं ठिगळ कितीही जपून लावलं तरी दिसतंच, आणि ठिगळ लावलेल्या बोर्डाखाली तुमची सही राहते. त्या दिवसांतच मला ऑफिसात डॉट टेल समजलं, आणि मी ते उत्साहानं तुमच्याकडे घेऊन आले.

ती संध्याकाळ मला अजून दिसते. तुम्ही ओट्यावर बसला आहात, बशीत चहा ओतला आहे, आणि मी खाली बसून तुम्हाला सांगते आहे. इंटरनेटच्या पत्त्याला शेवटी डॉट कॉम लागतं, ते तुम्ही दोन-चार बोर्डांवर लिहिलेलं आहे. तसंच डॉट टेल नावाचंही एक शेपूट आहे आणि ते फक्त ठावठिकाण्यासाठी काढलेलं आहे. त्यात वेबसाइट बांधायची नाही, फोटो नाहीत, सजावट नाही. फोन नंबर, दुकान कुठं आहे, कधी उघडं असतं, एवढंच एक साधं पान. साध्या मोबाइलवरही ते उघडतं आणि नंबर दाबला की फोन लागतो. आपण एक नाव घ्यायचं, त्याच्याखाली प्रत्येक दुकानाचं एक पान करायचं, आणि बोर्डावर नंबराच्या जागी त्या पानाचा पत्ता लिहायचा. नंबर बदलला की मी पान बदलीन. बोर्डाला हात लावायचं कामच नाही.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "म्हणजे बोर्डावर नंबर न्हाईच?"

नंबर पानावर, मी म्हणाले.

"अन् ते पान कोण सांभाळतं?"

"मी."

तुम्ही बशी पुन्हा उचललीत. मग म्हणालात, कोपऱ्यात बारीक अक्षरात नंबर राहू दे, एखाद्याला ते पान उघडता येत नसंल. मी ऐकलं नाही. नंबर राहिला तर पुन्हा तोच खोडायचा प्रश्न, मग या सगळ्याचा काय उपयोग, असा वाद मी घातला. तुम्ही हसून म्हणालात, "तू सांभाळणार असशील तर मंग बराबर आहे."

एकोणीस बोर्ड झाले. बदनापूरचे बहुतेक, कुंभार पिंपळगावच्या बाजारातले तीन, दोन तिकडे भोकरदनच्या बाजूला हसनाबादला. माझ्यावर विश्वास ठेवून एकही दुकानदार तयार झाला नसता. तुम्ही प्रत्येकाकडे माझ्याबरोबर आलात आणि म्हणालात, माझी शागिर्द आहे, बिलकुल काळजी करू नका. पहिला बोर्ड झाला तो स्टेशन रस्त्यावरच्या शिवणवाल्या ताईचा. नवरा गेल्यावर दिराच्या घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून ती ब्लाउज शिवायची. दुसऱ्याच महिन्यात तिचा मोबाइल पाण्याच्या हौदात पडला आणि तिनं नवा नंबर घेतला. मी ऑफिसात बसून दोन मिनिटांत पान बदललं. तुम्ही तिच्या दुकानासमोर उभे राहून एका कॉलेजच्या मुलीला ते उघडायला लावलंत, नवा नंबर आलेला पाहिलात, आणि ती गोष्ट पुढं आठवडाभर दिसेल त्याला सांगत होतात.

मग मला पुण्याला नोकरी लागली. मोठं ऑफिस, थंडगार, सगळे माझ्यापेक्षा चांगलं बोलणारे. एकदा जेवणाच्या सुटीत मी मोबाइलवर ताईच्या बोर्डाचा फोटो दाखवला, कौतुकानंच दाखवला. एकानं विचारलं, हे डॉट टेल अजून वापरतं कोणी? दुसरा म्हणाला, ही तुझी आंतरराष्ट्रीय कंपनी का? सगळे हसले. मीही हसले. म्हणाले, गावाकडचं आहे, सहज केलं होतं. तुमच्या अक्षरांच्या फोटोवर मी हसले, उस्ताद. तो फोटो मी त्यानंतर कोणाला दाखवला नाही.

ते नाव दरवर्षी पुन्हा नोंदवावं लागायचं. त्याची आठवण देणारे तीन मेल आले. मी विसरले, असं मी कित्येक वर्षं स्वतःलाही सांगत आले. विसरले नव्हते. तिन्ही मेल मी उघडले, वाचले. दहा मिनिटांचं काम होतं. पण ते करायला बसलं की पुन्हा ती बदनापूरची मुलगी व्हायला लागायचं आणि मला तेव्हा ती व्हायचं नव्हतं. तिसरा मेल मी काढून टाकला. नाव सुटलं, आणि थोड्याच दिवसांत भलत्याच कोणीतरी ते उचललं. तोवर डॉट टेलवर फक्त साधं पान ठेवायचा नियमही उठला होता. तुमच्या हातानं लिहिलेला तो पत्ता उघडला की जुगाराच्या जाहिराती यायच्या आणि त्यांच्याबरोबर नागड्या बायांची चित्रं.

त्याची झळ आधी बसली ताईला. तिच्या दुकानासमोर पोरं उभी राहायला लागली, बोर्डाकडे बघून मोबाइल एकमेकांना दाखवायला लागली. तिला कारण कळेना. मग तिच्या दिरानं ते पाहिलं आणि तिला विचारलं की आत नेमकं काय शिवतेस. आठ दिवस तिनं दार उघडलं नाही. ही गोष्ट तुमच्या कानावर आली आणि तुम्ही मला फोन केलात. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन घेतला. तुमचा आवाज नेहमीसारखाच होता, मला सवड आहे का हे तुम्ही आधी विचारलंत.

"बेटा, ते पान उघडलं की काहीतरी गंदं येऊन राह्यलं. तुझ्याकडून काही राहून गेलं का?"

हो म्हणायला एक क्षण लागला असता. मी म्हणाले, "उस्ताद, ती कंपनीच बंद पडली. माझ्या हातात काही राहिलं नाही."

तुम्ही सुस्कारा सोडलात, आणि तो सुटकेचा होता हे मला फोनवरही कळलं. "मंग तुझी काय गलती," तुम्ही म्हणालात. "तू दिलाला लावून घेऊ नको. मी बघतो." मग माझी तब्येत विचारलीत, पुण्यात जेवणाची सोय बरी आहे का ते विचारलंत, आणि फोन ठेवलात. मी जिन्यातून परत जाऊन माझ्या जागेवर बसले.

पुढचं मला चाचीनं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. त्या वेळी तुमचा हात कापायला लागला होता, बोर्डाचं काम तुम्ही जवळपास सोडलं होतं. तरी तुम्ही शिडी बाहेर काढलीत. सगळ्यात आधी ताईच्या दिराकडे गेलात, त्याला बाजूला घेऊन सांगितलंत की त्या बाईचा काडीचा संबंध न्हाई, बोर्ड मी लिहिला, जे विचारायचं ते मला विचार. भर दुपारी सगळ्या रस्त्यादेखत तिच्या बोर्डावरचा पत्ता खोडलात आणि नंबर लिहिलात. मग बाकीचे अठरा. कुंभार पिंपळगावला एसटीनं गेलात, डबा आणि ब्रश पिशवीत घालून, शिडी तिथल्या दुकानदाराची मागून घेतलीत. प्रत्येक ठिकाणी विचारणारे होते, की तुमच्या त्या शागिर्दनंच हे करून ठेवलं ना. प्रत्येक ठिकाणी तुम्ही सांगितलंत, कंपनी बुडाली, पोरगी काय करंल. हसनाबादच्या एकानं तुम्हाला शिव्या दिल्या. तेही तुम्ही ऐकून घेतलंत. कापऱ्या हाताला आधार म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून तुम्ही आकडे लिहीत होतात, असं चाची म्हणाली, आणि ते काम तीन आठवडे चाललं. त्या तीन आठवड्यांत मी एकदाही आले नाही. पुण्याहून बदनापूर एका दिवसात होतं. एखाद्या रविवारी येऊन शिडी धरली असती तरी चाललं असतं.

तुमच्या मयतीनंतर मी आले तेव्हा अंगणात ताई बायकांमध्ये बसली होती. तिनं माझा हात धरला. म्हणाली, चाचांनी सांगितलं होतं मला, तुझी काही चूक नव्हती म्हणून, तू मनात काही आणू नको. मी मान हलवली. तुमच्या पश्चात, तुमच्याच अंगणात, तुमच्या तोंडून गेलेलं माझं खोटं मी पुन्हा एकदा खरं करून घेतलं. तुम्ही आयुष्यात कोणाला चुकीचा नंबर दिला नाहीत, आणि शेवटच्या वर्षी एकोणीस दुकानांत जाऊन माझ्यासाठी चुकीची गोष्ट सांगत फिरलात. तुम्हाला ते माहीत नव्हतं, एवढाच काय तो दिलासा. कधीकधी वाटतं, माहीत होतं. तो विचार मी फार वेळ करू शकत नाही.

आता माझ्या हाताखाली सहा जण काम करतात. लोकांचे पत्ते, नंबर, नकाशे इंटरनेटवर बरोबर ठेवायचे, हेच आमचं काम. नवीन कोणी आलं की मी त्याला ही गोष्ट सांगते. सांगते की एका लहान गावात एका मुलीनं नाव नोंदवायचं सोडून दिलं आणि एका बाईचं दुकान बंद पडायची वेळ आली. ऐकणारे गंभीर होतात. मागं एकीनं विचारलं, मॅडम, त्या मुलीचं पुढं काय झालं? मी म्हटलं, माहीत नाही.

ती असं विचारून गेल्यावर काही दिवसांनी, गेल्या महिन्यात, मी सुटी काढून बदनापूरला आले. ताईला सगळं सांगायचं, आणि मग जालन्याला मुलीकडे राहायला गेलेल्या चाचीलाही ते सांगायचं, असं ठरवून आले होते. ताईचं दुकान आता मोठं झालंय, दोन मुली मशीनवर बसतात. तिनं मला ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. मी तोंड उघडलं आणि म्हणाले की एक ब्लाउज शिवायचा होता. तिनं मापं घेतली, नंबर विचारला, झालं की फोन करते म्हणाली. जालन्याकडे न वळता मी सरळ पुण्याला निघून आले. चाचीकडे गेले नाही.

परवापासून ताईचा फोन येतो आहे, दिवसातून दोनदा. ब्लाउज झाला असणार. मी अजून उचललेला नाही.