बंपरमागचं ऊन

बाबा,

परवा मामाला गाडीत घातलं. आईचा भाऊ, तुमच्या दारात पाय ठेवणं ज्यानं कायमचं सोडलं, तोच. मोतीबिंदू दाखवायला त्याला पैनगंगेपलीकडून आदिलाबादला आणायचं होतं, मुलं दूर पुण्याला, म्हणून फोन मला आला. मी लगेच हो म्हटलं, ते माणुसकीनं नाही. तुम्ही आईला मारलं नव्हतं, हे त्यानं मरायच्या आधी एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

तुम्ही तो दिवस कधी सांगितला नाहीत. मी तो तुकड्यातुकड्यांनी गोळा केला आहे. बाजारहत्नूरच्या रस्त्याचं काम, मे महिना. तुम्ही डांबराच्या पिंपाजवळ, आणि आई पुढं खराटा घेऊन रस्ता झाडते आहे, कमरेत वाकून, पायांना गोणपाट बांधून. ती गिट्टीवर तोंडघशी पडते, कपाळ निळं होतं. गिट्टीच्या ट्रकमधून तुम्ही तिला दवाखान्यात आणता, तोवर सगळं संपलेलं. मग मामा येतो. त्याला कळतं मराठी, आणि तेलुगू बाजारापुरती. नर्स घाईत म्हणते, "वडदेब्बा तगिलिंदि." ऊन लागलं, एवढाच त्याचा अर्थ. पण मामानं त्यातला देब्बाच तेवढा ऐकला. देब्बा म्हणजे तडाखा, मार. आणि समोर बहिणीचं निळं कपाळ.

"ऊन लागलं तिले," तुम्ही म्हणालात.

"उनानं कपाळ फुटते का बे?" म्हणत त्यानं भर व्हरांड्यात तुमची गचांडी धरली. तुमचा आवाज मुळात मोठा, आदल्या दिवशी तुमचं दोघांचं भांडण झालेलं शेजाऱ्यांनी ऐकलेलं. झालं. त्यानंतर तुमचा तो मोठा आवाज मी कधी ऐकला नाही. माझ्या लग्नात माझ्या पाठीशी मामा नव्हता, आणि तुम्ही मांडवाच्या कडेला एखाद्या परक्या पाहुण्यासारखे बसून होतात. बायका तुमच्याकडं बघून पदर तोंडाला लावत होत्या. ते तुम्हाला दिसत होतं, हे मला दिसत होतं.

डोळे तपासून आम्ही बाहेर आलो, तेव्हा गाडी भर उन्हात तापलेली. किल्ली फिरवली तसा समोर बाहेरच्या तापमानाचा आकडा उजळला. मी मुद्दाम मोठ्यानं वाचला. "मामा, एकोणपन्नास. पाहा, आईच्या दिवशीही असंच असंल."

गाव मागं पडलं, मोठ्या रस्त्याला लागलो, गाडीला वारा लागला आणि आकडा एकेक करून उतरायला लागला. तो उतरतो हे मला माहीत होतं. गाडी विकत घेतली तेव्हाच शोरूममधल्या पोरीनं सांगितलं होतं, की तापमान मोजणारं ते बोटाएवढं यंत्र समोरच्या बंपरच्या मागं, खाली असतं. गाडी उभी असली की इंजिनाची आणि रस्त्याची धग त्याला लागते, धावायला लागली की ते ताळ्यावर येतं. "मॅडम, उभ्या गाडीत त्याच्यावर विश्वास ठेवू नका," असं हसून म्हणाली होती.

"आता किती?" मामानं विचारलं.

त्याच्या डोळ्यांपुढं धुकं होतं, मी काहीही सांगू शकले असते. पण तोंडातून खरंच निघालं. "त्रेचाळीस."

"पाह्य. त्रेचाळीस तं दरसाल रायते. तेवढ्यानं मानूस मरते?"

मी गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, "मामा, हा आकडा मोजणारं यंत्र गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे. डांबराची वाफ त्याच्या तोंडावर येते, म्हणून लोक म्हणतात उभ्या गाडीत ते चुकते. माझी आई कुठं होती? उभी होती का सावलीत? तिचं तोंड तिथंच होतं, त्याच उंचीवर, दिवसभर. जगासाठी तो एकोणपन्नासचा आकडा चुकीचा असंल. तिच्यासाठी तोच बरोबर होता."

पुढून मालट्रक गेले. गाडी उभी राहिली तसा आकडा पुन्हा चढायला लागला. मामा काचेकडं तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "मले माहीत हाय, बाई."

"काय माहीत आहे?"

"पुढल्याच उन्हाळ्यात समजलं. वांगे घेऊन आदिलाबादच्या बाजारात आलो होतो. एक हमाल पोतं घेऊनच आडवा झाला. लोक ओरडले, वडदेब्बा, वडदेब्बा. म्या इचारलं, कोनं मारलं त्याले? सारा बाजार हासला माझ्यावर. एक बाई म्हणे, काका, सूर्यानं मारलं, जाता का पोलिसात?"

मला वाटतं मी ओरडले. "मग आले काऊन नाही? बाबा त्याच्यानंतर कितीक वर्षं जिवंत होते!"

"कोनत्या तोंडानं येऊ? धा लोकांत गचांडी धरली होती त्याची. आज जाईन, उद्या जाईन म्हणत रायलो. मंग तुहं लग्न झालं. मंग तोच गेला."

ज्यासाठी त्याला गाडीत घेतलं होतं, ते मला मिळालं होतं, बाबा. आणि ते नसतं मिळालं तर बरं झालं असतं. तुमचं उरलेलं सगळं आयुष्य तुम्ही मान खाली घालून काढलंत, ते एका चुकीच्या ऐकलेल्या शब्दानं नाही. तो शब्द वर्षाच्या आत दुरुस्त झाला होता. नदीपलीकडं एक माणूस तो दुरुस्त केलेला शब्द खिशात घालून वांगी विकत होता. मला वाटलं दार उघडावं आणि त्याला तिथंच उतरवून द्यावं, डांबरावर, त्या उन्हात.

तेवढ्यात तो म्हणाला, "जरा गार कर ना, बाई. जीव घाबरून राह्यला."

मी एसी वाढवला. माझ्याकडची जाळीसुद्धा त्याच्या तोंडाकडं वळवली, बाटली उघडून दिली, कपाळाला हात लावून पाहिला.

हे वाचायला तुम्ही नाहीत, म्हणूनच लिहिता येतं. त्या वेळी मला तुम्ही आठवला नाहीत. हा मरेल की काय, एवढंच मनात होतं.