फौजदाराची टोपी

झोलिंगेन, ता. ४ मे १९३१

ती. एवाल्डदादास,
हेडविगचा सा. न. वि. वि.

अरे, गावभर तुझं नाव झळकतंय! येत्या सोळाला कम्युनिस्टांचा मोठा पुढारी बोलणार म्हणून भिंती लाल झाल्यात. कारखान्यात माझ्यासोबत कात्र्या गुंडाळणाऱ्या बायकांना मी सांगत सुटलेय, की हाच पुढारी लहानपणी माझ्या वेण्या खुर्चीला बांधायचा.

बाबांचं तोंड मात्र वाकडं. चाळीस वर्षं सोशल डेमोक्रॅट पक्षात घालवलेल्या बापाला तू भर सभेत फितूर म्हणालास, त्याला अकरा वर्षं झाली, पण ते अजून गिळवत नाही त्यांना. सुऱ्यांना धार लावता लावता म्हणतात, मॉस्कोचा पोपट ऐकायला माझे पाय रिकामे नाहीत. तू एक ओळ तरी लिही ना! हट्ट तरी कुणाचा घेतलास? त्यांचाच.

लोभ आहे तेवढा पुरे, पत्र मात्र लांब पाठव.
तुझी हेडविग

बर्लिन, ता. ८ मे

चि. हेडविग हिस,
अनेक आशीर्वाद.

दहा हजारांपुढे बोलतो गं मी, पण बाबांना लिहायला बसलो की हात चालत नाही. तीन कागद फाडले. त्यांच्या पक्षाबद्दल माझं मत आजही तेच आहे, पण बाबांना तसं म्हणायला नको होतं. शिवी भर सभेत दिली, तर माफीही भर सभेतच मागेन, अगदी शेवटी. त्यांना सांगू नकोस हं! फक्त कसंही करून आण.

धास्ती एकच. हल्ली सभेत फौजदार पुढ्यातच बसतो. त्याने कायद्याप्रमाणे टोपी चढवून बरखास्त म्हटलं की कारभार आटोपला; टोपीशिवाय तो हुकूम चालत नाही. गेल्या तीन सभा अशाच मोडल्या. शेवटापर्यंत पोचेन की नाही, देव जाणे. आणि मी तर देवही मानत नाही.

माया असू दे.
तुझा दादा

झोलिंगेन, ता. १७ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दादा, दादा, काय झालं ऐक! मंचावरच्या झगझगीत दिव्यांत तुला खालचं कुणी दिसलं नसणार, आणि तुझ्या मंडळींनी तुला लगेच मोटारीत कोंबलं, म्हणून तुला पत्ताच नाही.

बाबा आले होते! उशिरा, ठेवणीतला कोट घालून. जागा कुठेच नव्हती. पहिल्या रांगेत फौजदाराशेजारच्या खुर्चीवर त्याची टोपी होती. त्याची नजर तुझ्यावर होती, तेवढ्यात बाबांनी ती उचलली, कोटाखाली दडवली आणि ऐटीत बसले. तू सरकारवर घसरलास तसा फौजदार ताडकन उठला, पण टोपी कुठाय? टोपीशिवाय सभा मोडायची कशी? तो खुर्च्यांखाली वाकला, बायकांना उठवलं, सभागृह हसून हसून लोळलं! तू मात्र बोलतच राहिलास. तू माफी मागितलीस तेव्हा मी बाबांकडे बघायला धजलेच नाही रे.

टाळ्या पडल्यावर बाबांनी टोपी त्याच्या हातात दिली. त्याने त्यांना रात्रभर कोठडीत बसवलं, सकाळी सोडलं. घरी येऊन बटाट्याची सात धिरडी खाल्ली. आणि मग तुझा पत्ता मागून घेतला!

आनंदाने वेडी झालेली,
हेडविग

झोलिंगेन, ता. २१ मे

चि. एवाल्ड यास,
आशीर्वाद.

भाषण ऐकले. अर्धे चूक, उरलेले लांबलचक. माफीचे पोचले, त्यावर अधिक लिहीत नाही.

काल आमच्या पक्षाच्या शाखेने जाब विचारला, की कम्युनिस्टाची सभा वाचवलीस कशाला. मी म्हणालो, सभा गेली खड्ड्यात. अकरा वर्षांनी पोराचा आवाज कानी पडत होता, तो मध्येच तोडू देऊ होय?

तुझा,
बाबा