उजव्या कडेची ताई

प्रिय आणि तीर्थरूप ताईस (दोन्ही एकदम लिहायचं नसतं हे ठाऊक आहे, पण एक गाळलं तर दुसरं रुसतं), धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तो सध्या कागदावरच घे. गुडघे असे झालेत की प्रत्यक्ष घातला तर उठवायला दोन माणसं लागतील, आणि घरात एकच आहे, तीही माझ्यावर जरा नाराज. तुझा खोकला गेला का? तो नवा डॉक्टर अजून तुला 'आजी' म्हणतो, की काही सुधारला? मुलगा आणि सूनबाई कामात असणारच. इकडे आम्ही दोघं ठीक. माझा रक्तदाब जिथल्या तिथे आहे, हिची कंबर अधूनमधून आपलं अस्तित्व दाखवते, एवढंच.

हे फोनवर विचारता आलं असतं असं तू म्हणशील. पण आपल्या फोनचं काय होतं ते तुला माहीत आहे. तू औषधं सांगतेस, मी हवा सांगतो, मग तू 'बाकी काय' म्हणतेस, मी 'बाकी काही नाही' म्हणतो, आणि जे बाकी असतं ते बाकीच राहतं. म्हणून हे पत्र. शिवाय जे घडलंय ते तुझ्याच बाबतीत घडलंय, आणि फोनवर सांगायला गेलो असतो तर तू अर्ध्यातच हसायला लागली असतीस आणि मग खोकला.

तर मी शाळेत जातोय. चष्म्याचं दुकान विकल्यापासून मी घरात बसून हिला प्रत्येक गोष्ट कशी करावी ते सांगत होतो. (कपाटाचं दार कोणत्या कोनात उघडावं, हेसुद्धा. हे मला आठवत नाही, पण ती म्हणते म्हणजे सांगितलं असेल.) शेवटी एक दिवस तिने वाचनालयाच्या फलकावरची जाहिरात वाचली आणि मला न विचारता नाव घालून आली. वाचनालयाच्या माडीवर, दर बुधवारी दुपारी, 'संगणकावर फोटोंचा अल्बम'. शिकवणारे मास्तर मूळचे लग्नाचे फोटोग्राफर. आता सगळेच मोबाइलवर फोटो काढतात म्हणून त्यांच्या दुपारी मोकळ्या असतात. त्यांना बारा महिने सर्दी, आणि कुठलीही गोष्ट सांगण्याआधी नाक पुसून 'सोप्पंय' म्हणायची सवय. वर्गात आम्ही मोजकेच. माझ्या शेजारी एक निवृत्त नर्सबाई बसतात. त्या दर पानावर फुलपाखरं घालतात, यजमानांच्या ऑपरेशनच्या फोटोवरसुद्धा.

ही कला काय आहे ते तुला सांगतो, कारण मलाही ती अजून पुरती पटलेली नाही. पडद्यावर आधी एक कागद घ्यायचा, जो कागद नसतो. त्यावर फोटो चिकटवायचा, जो चिकटत नाही, नुसता वर तरंगतो. मग फीत, बटण, टाके, वाळलेलं पान. हे सगळं तयार मिळतं. फोटोची फाटलेली कडसुद्धा मिळते. आपण जन्मभर फोटो फाटू नयेत म्हणून जपले, आणि इथे मी एक आख्खी दुपार आईबाबांच्या फोटोला फाटकी कड लावण्यात घालवली. प्रत्येक वस्तूची सावलीही आपणच पाडायची. माझ्या पहिल्या पानावर फितीची सावली डावीकडे पडली आणि बटणाची उजवीकडे. मास्तरांनी ते पान बराच वेळ पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाले, "काका, तुमच्याकडे दोन सूर्य उगवतात का?"

अल्बम कुणासाठी, हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. तुझा पंच्याहत्तरावा वाढदिवस येतोय. (बघ, फोडलं. ठेवणार होतो गुपित, पण आता गुपित ठेवण्यासारखं काही उरलं नाही.) तू मुलाकडे राहायला गेलीस तेव्हा फोटोंचा डबा घेऊन गेलीस, आणि त्याआधी सगळ्यांच्या प्रती काढून मला एका पेनड्राइव्हवर दिल्यास. त्या इतकी वर्षं देव्हाऱ्यातल्या वस्तूसारख्या कपाटात पडून होत्या. पेनड्राइव्ह काढला, संगणकाला लावला आणि थेट त्यातल्याच फोटोंवर कामाला लागलो. पण फोटो शेकडो. प्रत्येकाचा पिवळेपणा घालवायचा, वाकडा असेल तो सरळ करायचा, कड कापायची. एका फोटोला मला अर्धा तास लागायचा, कारण मध्ये मी तो बघत बसायचो. असा हिशेब केला तर तुझ्या शंभरीलाही अल्बम झाला नसता.

तेव्हा मास्तरांनी स्क्रिप्ट शिकवली. हे खरंच अद्भुत आहे. एका फोटोवर काम करताना संगणकाला म्हणायचं, नीट बघ. तो तुमची एकेक कृती टिपून ठेवतो. मग त्याच्यापुढे फोटोंचं आख्खं फोल्डर ठेवायचं आणि म्हणायचं, आता यांच्यावर हेच कर. तो करतो. विचारत नाही, कंटाळत नाही, का असं म्हणत नाही. (मी हे कौतुकाने हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंत.")

घरी येऊन मी स्क्रिप्ट बनवली. समोर घेतला तो माझा लहानपणचा फोटो, पायऱ्यांवर एकटा उभा आहे तो. फोटो छानच, पण उजव्या कडेला आईची फरशी पुसायची बादली आली आहे, वर ओलं फडकं. मी पिवळेपणा घालवला, फोटो सरळ केला आणि बादली दिसू नये म्हणून उजवीकडचा चांगला रुंद पट्टा कापून टाकला. सेव्ह केलं. संगणकाने सगळं टिपून घेतलं. मग मी त्याला आख्खं फोल्डर दिलं, त्याने मध्ये काहीतरी विचारलं त्याला 'हो' म्हटलं, आणि चहा करायला गेलो. चहा पिऊन आलो तर काम पूर्ण. ताई, दुकानात पहिली गिऱ्हाइकाची काच मी स्वतः घासून बसवली, त्या दिवसानंतर एवढं समाधान मला झालं नव्हतं. उघडून पाहावं असंही वाटलं नाही. बुधवारी वर्गात सगळ्यांसमोरच उघडावं असं ठरवलं. माणसाला मिरवायची हौस असते.

बुधवारी मास्तरांनी माझे फोटो भिंतीवर मोठे करून दाखवले. पहिला शाळेच्या फाटकापाशी: आई, मी, आणि माझ्या खांद्यावर एक हात. नुसता हात. मनगटापासून पुढे भिंत. दुसरा नदीकाठचा: आई, मी, खांद्यावर हात. तिसरा, चौथा, तेच. नर्सबाईंनी हळूच विचारलं, "हा कोणाचा हात आहे हो?" मास्तर पुढे पुढे नेत राहिले. तुझ्या लग्नाच्या फोटोत भाऊजी एकटेच लग्न करताहेत, आणि चेहऱ्यावरून खूशही दिसताहेत.

तुझ्या लक्षात आलंच असेल. फोटो काढताना मी पळून जायचो, म्हणून बाबा मला मध्ये घालायचे. एका अंगाला आई आणि दुसऱ्या अंगाला तू, खांदा धरून. मग माझं पळायचं वय संपलं, पण तुझी जागा तीच राहिली. पोक्तपणी काढलेल्या फोटोंतही तू कडेलाच, आणि हात माझ्या खांद्यावर. ही गोष्ट मला आजवर दिसली नव्हती. जन्मभर लोकांना नीट दिसावं म्हणून धंदा केला, आणि हे दिसायला तुला कापून काढावं लागलं. एका बादलीपायी, ताई, तू साऱ्या आयुष्यातून गेलीस.

मास्तरांनी विचारलं, मूळ फोटो वेगळे ठेवले होते ना? मी म्हटलं, नव्हते. त्यांनी या वेळी 'सोप्पंय' म्हटलं नाही.

पुढचे दिवस मी दुरुस्तीत घालवले. एक अवजार आहे, ते फोटोतला एक तुकडा उचलून दुसरीकडे तसाच उमटवतं. त्याने तुझा हात धरून पुढे तू काढायचा प्रयत्न केला. तीन कोपरं झाली. चेहऱ्यासाठी काहीच नव्हतं म्हणून माझाच चेहरा उचलून वर ठेवला, तर तू दाढीचे खुंट वाढलेली झालीस. हिने मागून पाहिलं आणि निघून गेली. मग मी दुसरी स्क्रिप्ट लिहिली, या वेळी प्रत्येक पायरी तपासून. तिने प्रत्येक फोटोच्या उजवीकडे, कापला होता तेवढाच, कोरा पांढरा पट्टा जोडला. फोटो पुन्हा आधीच्या मापाचे झाले. फक्त तुझ्या जागी पांढरं.

पुढच्या बुधवारी मास्तरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "काका, अल्बममध्ये लोक फोटोशेजारी चार ओळी लिहितात. तुम्ही या जागेत लिहा, काय होतं ते." मग मी लिहायला बसलो. शाळेच्या फाटकापाशी लिहिलं: इथे ताई. एक वेणी सुटलेली, एक करकचून बांधलेली. डोळे मिटलेले, आणि नंतर दिवसभर मी मिटलेच नाहीत म्हणून भांडलेली. नदीकाठी: इथे ताई. एका हातात माझ्या चपला, कारण मी त्या दोनदा वाहू दिल्या होत्या. दुकान उघडलं त्या दिवशीच्या फोटोत: इथे ताई. दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. नजर उत्तम असताना चष्मा करून घेतला आणि साध्या काचांचा तो चष्मा वर्षभर घालून मिरवली, कुणी विचारलं तर 'माझ्या भावाने केलाय' सांगत. हे लिहिताना मला थांबावं लागलं. नर्सबाईंनी आपली पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. त्यांच्या पानावर त्या दिवशी फुलपाखरं नव्हती.

मी भराभर लिहीत गेलो. मला वाटायला लागलं की फोटो गेले तरी काही बिघडलं नाही, सगळं माझ्या डोक्यात आहे. मग स्टेशनचा फोटो आला. तू मुलाकडे जायला निघालीस तो, हिच्या जुन्या मोबाइलवर काढलेला, मागाहून मीच बाकीच्यांत घातलेला. मी आहे, मागे गाडीचा डबा आहे, खांद्यावर हात आहे. आणि ताई, मला पुढचं काही आठवेना. तुझ्या बॅगेचा पट्टा तुटत आला होता आणि मी त्याला गाठ मारत होतो, ते आठवतं. गाठ कशी मारली तेही आठवतं. पण तुझ्याकडे पाहिल्याचं आठवत नाही. तू काय घातलं होतंस, रडलीस का, काही म्हणालीस का. घरी येऊन हिला विचारलं. ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "राखाडी स्वेटर. आणि तुम्हाला हाक मारत होत्या. दोनदा." काय म्हणून हाक मारत होतीस ते तिलाही माहीत नाही.

त्या पानावर मी काही लिहिलेलं नाही. एवढंच एक पान अपुरं आहे.

तर विनंती अशी, की फोटोंचा तो डबा मला हवा आहे. पुन्हा प्रती काढून घेईन आणि अल्बम नीट करीन. हिचे नमस्कार. भाच्याला आणि सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा,
गट्टू

ता.क. डबा टपालाने पाठवू नकोस. टपालात वस्तू कशा आदळतात ते तुला माहीत नाही. कुरिअर तर त्याहून वाईट.

ता.क. भाच्याला मोबाइलवर फोटोंचे फोटो काढून पाठवायला सांगशील, तर नको. काचेसारखी चमक येते. मी चष्म्यातला माणूस आहे, मला कळतं. डबा कुणीतरी हातातच घेऊन यायला हवा. आणि तो सांभाळून आणील असं माणूस माझ्या तरी ओळखीत एकच आहे.

ता.क. खालची खोली रिकामीच आहे. जिने नाहीत. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, माझ्याच गुडघ्यांसाठी म्हणून. गाडीत बसवून द्यायला भाचा, उतरवून घ्यायला मी. राखाडी स्वेटर अजून असला तर घालून ये, नसला तरी चालेल.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. फोटो कुठेही गेलेले नाहीत. मास्तर पहिल्याच दिवशी सगळ्यांची फोल्डरं स्वतःकडे उतरवून ठेवतात, त्यांचा आपल्या विद्यार्थ्यांवर विश्वास नाही. यांचं लिहून झालं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात सगळे परत दिले त्यांनी. तुम्ही आहात सगळ्या फोटोंत, डोळे मिटून. स्टेशनच्या फोटोतसुद्धा आहात. तो यांनी अजून उघडलेला नाही. म्हणतात, ताई आली की तिलाच विचारीन, हाक का मारत होतीस. खालच्या खोलीला रंग देऊन झालाय, पडदेही लावलेत, आणि रोज सकाळी जाऊन खिडकी उघडून येतात. एक शब्द लिहायला यांना एवढी पानं लागली. मी एका ओळीत लिहिते. वन्सं, या.