गोळीऐवजी कविता

९ जून, सोमवार. सकाळी साडेनऊ

अखेर या घरात मला काम मिळालं. अभिजीत आणि सूनबाई कावेरी सातलाच निघतात, नाहीतर सर्जापूर रोडवरच्या ट्रॅफिकमध्येच दुपार होते म्हणे. म्हणून नातीला, वल्लरीला, नाश्त्यानंतर गोळी द्यायची आणि आठ दहाच्या स्कूल बसमध्ये बसवायचं. हे माझ्याकडे.

आजार कसला, तर ए.डी.एच.डी. चार अक्षरं, एकातही लय नाही. आठ वर्षांची पोर एका जागी बसत नाही, एवढंच. निपाणीला पस्तीस वर्षं मराठी शिकवली. प्रत्येक वर्गात अशी दोन-तीन असायची. आम्ही त्यांना वळवळी म्हणायचो. गोळ्या नव्हत्या, पत्र्याचं छप्पर होतं आणि साठ पोरांचा एक आवाज होता.

तरी गोळी दिली. शब्द म्हणजे शब्द.

११ जून, बुधवार

गोळीचा तिसरा दिवस. वल्लरी शाळेतून आली, बूट जागेवर ठेवले, गृहपाठाचं पूर्ण पान लिहिलं. डब्यातली चपाती अर्धी परत. म्हणाली, आजोबा, आज मला कुणीच ओरडलं नाही.

मला भडभडून आलं. पाखराचा आवाज बंद केला यांनी! लिफ्टमध्ये उडी मारली नाही, मला एकदाही मध्ये तोडलं नाही. हे बालपण आहे?

विचार करतो.

१२ जून, गुरुवार. सकाळी

विचार झाला. गोळी बंद. त्याऐवजी भुजंगप्रयात, रोज वीस मिनिटं. लगागा लगागा लगागा लगागा. श्वास सरळ होतो, श्वासामागून मन. माझ्या वर्गातल्या संताजीला मी असाच ताळ्यावर आणला होता, १९८४ साली. तो तर छपरावर चढायचा.

वल्लरीला संशय नको म्हणून माझ्या कॅल्शियमच्या गोळीचा तुकडा दिला. हाडं तरी मजबूत होतील. खरी गोळी चष्म्याच्या घरात ठेवली. फेकली नाही. मी काही बेजबाबदार माणूस नाही.

महिन्याने डॉक्टरीणबाई तपासतील, तेव्हा सगळं सांगून टाकायचं. कावेरीचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२० जून, शुक्रवार

अपेक्षेबाहेर प्रगती! जेवताना ताटावर लगागा, आंघोळीला बादलीवर लगागा. एका कवितेचं दुसरं कडवं मात्र लक्षात राहत नाही. पहिलंही सोमवारी राहिलं होतं, मंगळवारी गेलं. पण ताल रक्तात गेलाय.

खालच्या मजल्यावरचे हयवदन राव बाकावर भेटले. म्हणाले, मेष्ट्रे, स्वल्प मेल्लगे, जरा हळू! माझ्या छतावर कुणी खलबत्ता चालवतंय काय? मी म्हटलं, वृत्त आहे ते. ते म्हणाले, सरी सरी, वृत्त असू दे, पण दुपारी दोन ते चार सोडून.

कानडी माणूस असून कवितेला असा परका.

२७ जून, शुक्रवार

शाळेच्या डायरीत लाल शेरा. गणिताच्या परीक्षेत वल्लरी बाकावर बोटांनी वाजवत राहिली, सगळा वर्ग हसला, पेपर निम्मा कोरा. आता तिला भिंतीशी एकटीला बसवलंय. शेजारी बसणाऱ्या संहिताच्या आईनेच विनंती केली म्हणे.

रसिकताच उरली नाही शाळांमधून.

संध्याकाळी कावेरीने विचारलं, मामा, गोळी रोज देताय ना? मी म्हटलं, रोज. तुकडा रोजच देतो, तेव्हा हे खोटं नाही.

संकल्प : उद्यापासून वीसऐवजी चाळीस मिनिटं.

१ जुलै, मंगळवार. दुपारी

थोडा हुरूप हवा म्हणून आमच्या शाळेतल्या श्रीकांतला निपाणीला फोन लावला. म्हटलं, संताजी आठवतो का? पुढे केवढा झाला असेल. श्रीकांत म्हणाला, संताजी? अहो सर, सातवीत असतानाच त्याचं नाव शाळेतून काढलं की! तुम्हीच हेडमास्तरांना सांगितलंत, हा माझ्या वर्गात नको म्हणून. तुमच्यापुढे बाप हात जोडून उभा होता व्हरांड्यात.

श्रीकांतची स्मरणशक्ती पहिल्यासारखी राहिली नाही. वय.

५ जुलै, शनिवार

पाचव्या मजल्यावर संहिताचा वाढदिवस. वल्लरी चारपासून जांभळा फ्रॉक घालून दारात. लिफ्टमधून वर्गातल्या पोरी वर जाताना दिसत होत्या. म्हणाली, आजोबा, माझं कार्ड द्यायला विसरली असेल ना ती? मी म्हटलं, विसरलीच असणार.

सहाला तिने स्वतःच फ्रॉक काढला.

मी तिला मंदाक्रांता शिकवायला घेतलं. दुःखाला ते वृत्त बरं. तिने कानावर हात ठेवले.

१२ जुलै, शनिवार

डॉक्टरीणबाईंकडे गेलो, सगळेच. शाळेने भरून दिलेला फॉर्म त्यांच्यासमोर होता. म्हणाल्या, काहीच फरक नाही, उलट मागे गेलीय. मला विचारलं, अज्जा, गोळी नियमित? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकारच, असं काही नाही. चारचौघांत सांगायची गोष्टही नव्हती ती.

सोमवारपासून डोस दुप्पट. कावेरी आठवडाभर घरून काम करणार आणि गोळ्या स्वतः देणार.

पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर शाळा वल्लरीला ठेवणार नाही. तसं पत्रच आलंय.

१३ जुलै, रविवार. सकाळी दहा

आज सांगायचं. नाश्ता होऊ दे.

साडेअकरा : अभिजीत क्रिकेट बघतोय. भारताची फलंदाजी. आत्ता नको.

एक : जेवताना असले विषय काढू नयेत, पोटाला बाधतात.

तीन : प्रस्तावना तयार केली. बालमन, निसर्ग, लय. दोन पानं झाली. उत्तम उतरलीय. चहानंतर वाचून दाखवतो.

सव्वाचार : वल्लरी खोलीत आली. चक्क शांत. पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, आजोबा, आधी गोळी खाल्ली तेव्हा मी तीन दिवस चांगली झाले होते. आता रोज खाते तरी मी तशीच आहे. म्हणजे गोळी चांगली आहे, मीच खराब आहे ना?

नाही, म्हटलं. तिने विचारलं, मग कोण?

पाच : सांगितलं. प्रस्तावना वाचली नाही. उभ्याउभ्याच बोललो, तीन वाक्यं. चष्म्याचं घर टेबलावर रिकामं केलं. अभिजीत गोळ्यांकडे बघत राहिला. म्हणाला, बाबा, एक महिना? शाळेतून काढायला निघालेत तिला, बाबा!

कावेरीने आधी डॉक्टरीणबाईंना फोन केला. डोस वाढवायचा नाही, पहिल्यासारखी एकच गोळी. मग माझ्याकडे वळली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. म्हणाली, मामा, मी महिनाभर रोज तिला विचारत होते, गोळी खाऊनसुद्धा असं का वागतेस म्हणून. दोनदा हात उचलला मी तिच्यावर.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं.

माहीत होतं. भिंत पातळ आहे.

१४ जुलै, सोमवार. सकाळी नऊ

गोळ्यांचा डबा आता कावेरीच्या कपाटात.

नाश्त्यानंतर तिने वल्लरीच्या तळहातावर एक गोळी ठेवली, पाणी दिलं. वल्लरीने ती उजेडात धरली, उलटी करून पाहिली. मी समोर बसलो होतो. माझ्याकडे बघितलं नाही तिने.

आईला विचारलं, अम्मा, ही खरी आहे ना?

कावेरी म्हणाली, खरी आहे राजा. तरी तिने पुन्हा विचारलं. तीनदा विचारलं, मग गिळली. या सगळ्यात बस निघून गेली. शाळेत सोडायला कावेरीच गेली रिक्षाने.