निसटलेलं टिंब

६ मार्च १९८४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या गावच्या छापखान्याचा फोन लागत नाहीये, म्हणून हे बसच्या ड्रायव्हरकरवी धाडतेय. बाळांच्या तापाच्या औषधाचं लेबल मी केलं होतं. आमची अक्षरं तयार तावावर येतात, बोथट टोकानं घासली की कागदावर उतरतात, हे तुला ठाऊक आहेच. तावातली टिंबं संपली, म्हणून '.५ मिली'तलं टिंब मी एका अनुस्वाराचं कापून लावलं. आज छपाई झाल्यावर मूळ कागद परत आला, तर टिंब वरच्या झाकणकागदाला चिकटलेलं! छापखान्यात छपाईसाठी त्याचा फोटो काढायच्या आधी निसटलं असेल, तर अर्ध्याचे पाच झाले रे. तूच जाऊन बघ. आणि तुझ्या छकुलीला ते औषध आणू नकोस.

तुझी,
ठमी

७ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

वाचलं आणि चपलेत पाय सरकवून तसाच निघालो. छापखान्याचा मॅनेजर ऐकेना. म्हटलं, चूक माझ्या बहिणीची आहे, तुम्ही निगेटिव्ह तेवढी उजेडात धरा. धरली. टिंब नव्हतं. चेहरा पांढराफटक पडला त्याचा. स्वतःच्या स्कूटरवर मला औषध कंपनीत घेऊन गेला. माल गोदामातच होता, पण एक खोकं तुमच्याकडच्या दवाखान्यात पोचलंय. कंपनीनं फोन केल्यावर तिथल्या नर्सनं बाटल्या बाजूला काढल्या. एक मात्र कुणाच्या तरी घरी गेली आहे. नर्स त्या घरी निघाली, पुढचं कळलेलं नाही.

तुझ्या तावांपायी अक्षरं रंगवायचा माझा ब्रश सुटला, तेव्हा मी त्यांना कमी शिव्या घातल्या नाहीत. आज एकही घालवत नाही. मालकाला सांगून टाक, लपवू नकोस.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मालकांना सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. म्हणाले, तुझ्या नोकरीचं मागाहून बघू, आधी ते मूल बघ.

त्या बाळाच्या आईनं लेबल वाचून पाच मिली पाजलं होतं, एकदाच. बाळ दिवसभर डोळे उघडत नव्हतं. काल उघडले. दुसऱ्यांदा पाजलं असतं तर, एवढंच डॉक्टर बोलले.

आज त्यांच्या घरी गेले. मी दवाखान्यातली, असं समजून आईनं बाळ माझ्या मांडीवर दिलं. त्यानं माझं बोट घट्ट धरलं. मग मी सांगितलं, ते लेबल माझं. तिनं त्याची मूठ सोडवली आणि त्याला आत नेलं. मी दारातच उभी. शेवटी तिनं आतून विचारलं, आणखी कुणाच्या घरी गेलीय का बाटली? नाही म्हटलं. मग कडी लागली.

वहिनीला नमस्कार, छकुलीला पापा. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ठमी