गिटारीच्या पेटीतली बाजरी

शनिवार, दिवेलागण

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. आमच्या ह्यांनी कारेगावच्या कंपनीतली नोकरी सोडली. का, तर आयर्लंडचा कुठलासा गायक आधी रस्त्यावर उभा राहून स्वतःची गाणी गायचा आणि आता त्याच्या गाण्याला स्टेडियमं भरतात! त्याची सगळी कारकीर्द ह्यांना तोंडपाठ. आईंच्या गोळ्यांची वेळ विचारा, माहीत नाही.

आज शिरूरच्या बाजारात उभे राहिले. त्या गायकासारखीच गिटारीची पेटी समोर उघडी टाकलेली. गाणं स्वतः रचलेलं, एकटेपणाचं. एकटेपण? घरात सात माणसं आहेत!

मी पलीकडं मेथी बघत होते. एक म्हातारी आली आणि वासुदेवाला घालतात तशी ओंजळभर बाजरी तिनं पेटीत टाकली. मग हात जोडून थांबली. "माझ्या दत्तूचं नाव घे बाबा. गेला त्यो."

दान पडलं की घरच्या गेलेल्या माणसाचं नाव गायचं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. हे म्हणाले, "मावशी, मी तसलं न्हाई गात."

म्हणे गायक! एक नाव गाता आलं नाही.

म्हातारी तरी रागावली नाही. "असू दे, नवा हाय," म्हणाली. बाजरी अजून पेटीतच आहे. ती काढायला माझा हात धजत नाही.

एक लिहायचं टाळत होते. जाताना म्हातारीनं मला विचारलं, "ह्यो कुणाचा गं?"

"काय म्हाईत," मी म्हणाले, आणि मेथीची जुडी उलटीपालटी करत राहिले.